पांढरीतलं धन आणि तिसरं व्रत



मराठी गावाच्या जमिनीला दोन नावं असतात. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर घरं उभी राहतात ती पांढरी. जुनं गाव उठतं, मातीच्या भिंती पावसात विरघळतात, चुलीची राख आणि गोठ्यातलं शेण त्यात मिसळतं आणि शेकडो वर्षांनी तिथे भुरकट मातीचं टेकाड उरतं. लोक त्यालाही पांढरीच म्हणतात. शेतकरी ती माती गाड्या भरभरून नेतात आणि खत म्हणून शेतात पसरतात. पुरातत्त्वाची माणसं नेमकं तेच टेकाड शोधत उन्हातान्हात फिरतात.

आता या टेकाडाला तिसरं गिऱ्हाईक आलं आहे. कानाला हेडफोन आणि हातात मेटल डिटेक्टर.

आमचं मूळ घर राळेगणसिद्धीचं. सासऱ्यांच्या वेळचं किराणा दुकान कधीच बंद झालं, पण पारनेर तालुक्यातली ती थोडीशी शेती अजून आहे. राळेगणचं नाव देशभर झालं ते पाण्यामुळे. 1975 नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने तिथे नालाबांध, पाझर तलाव, चर अशी कामं झाली आणि पावसाचं पाणी गावातच मुरू लागलं. त्यामुळे राळेगणात माती उकरायची ती पाणी मुरवायला, असंच मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले. माझ्या पुतण्याने मात्र दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन यंत्र मागवलं आणि सकाळी सकाळी आमच्याच शेतात फिरून आला. पिशवीत नांगराच्या फाळाचा तुकडा, बैलाच्या खुराची पत्री, बाटल्यांची सात झाकणं आणि एक शिवराई.

शिवराई म्हणजे तांब्याचा जाड पैसा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं हे नाणं त्यांच्यानंतरही पुष्कळ वर्षं पाडलं जात होतं, म्हणून आपल्या भागात ते अधूनमधून नांगराला लागतं. पोरगा हरखला होता. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेताकडेला पांढरीचं टेकाड आहे. तिथे खोदायचं, जे निघेल ते निम्मं-निम्मं, असं बोलणंही त्याने करून ठेवलं होतं. मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे, तर म्हणाला, “काकू, ज्याचा धनी मेला, ज्याच्या पणतू-खापरपणतूंचाही पत्ता नाही, ते घेतलं तर अदत्तादान कसं होईल? कोणाचं घेतलं मी?”

पाठशाळेत शिकलेलं पोर आहे, प्रश्न नेमका विचारतं. “मोठ्यांनी सांगितलं म्हणून करू नको” एवढ्यावर त्याची बोळवण करणं मला पटलं नाही. दोन आठवडे आमच्या घरी जेवताना हाच विषय होता. त्यात जे बोलणं झालं ते तुमच्यासाठी नीट मांडते आहे.

पायाळू माणूस ते यंत्र

आधी यंत्राबद्दल. त्याच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यातही छोटे प्रवाह घुमू लागतात, ते यंत्राला जाणवतात आणि कानात सूं सूं वाजतं. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. आपली माती काळ्या पाषाणाची, म्हणजे लोहखनिज असलेली. त्यामुळे यंत्र उगाचही वाजत राहतं. आणि सोन्याची मोहर आहे की बाटलीचं झाकण, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. खात्री करायला खणावंच लागतं. इथे एक गोष्ट मनात धरून ठेवा: यंत्राला फक्त धातू ऐकू येतो.

यंत्र यायच्या आधी गुप्तधन शोधायला लोक पायाळू माणूस गाठायचे. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. तिच्यापायी किती ठिकाणी अघोरी पूजा झाल्या, किती जीव गेले! महाराष्ट्राने 2013 मध्ये नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अशा अमानुष कृत्यांचाही समावेश आहे. यंत्राने ही हिंसा नको केली, हे चांगलंच झालं. पण जमिनीखाली काहीतरी आहे आणि ते आपल्यालाच मिळावं, हा लोभ मात्र त्या पायाळूकडून सरळ या यंत्राकडे आला आहे.

जोगलटेंभीचा हंडा

नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात गोदावरी आणि दारणेच्या संगमावर जोगलटेंभी नावाचं गाव आहे. 1906 मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो बारकाईने तपासला. नाणी होती 13,250 हून अधिक. एकेक नाणं जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून पाव क्विंटलहून जास्त चांदी.

ही नाणी क्षहरात वंशातल्या नहपान राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत नाव. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास गुजरातपासून नाशिक, जुन्नरपर्यंत त्याची सत्ता होती. पण यातल्या सुमारे 9,270 नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा वरून मारलेला होता: तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नदीची नागमोडी रेघ आणि मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. तो ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा, म्हणजे पैठणच्या सातवाहनाचा.

जिंकलेल्या राजाने हरलेल्याची चांदी वितळवत बसण्याऐवजी तिच्यावर आपला शिक्का उमटवला आणि ती पुन्हा बाजारात सोडली. दुकानदाराच्या घरातली सून म्हणून मला हे फार ओळखीचं वाटतं. लोकांचा विश्वास बसलेला पैसा मोडायचा नसतो, फक्त आता तो कोणाच्या नावावर चालतो तेवढं सांगायचं असतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरात वंशाचा निःपात केला, असं ती त्यात सांगते. आईने मुलाचं केलेलं कौतुक म्हणून कोणी बाजूला ठेवलं असतं. पण जोगलटेंभीच्या नऊ हजार नाण्यांनी त्या आईची साक्ष दिली. त्याच डोंगरात पलीकडच्या लेण्यात नहपानाच्या मुलीचं, दक्षमित्रेचंही नाव कोरलेलं आहे. तिने भिक्षूंसाठी एक खोली दान दिली. हरलेल्याची मुलगी आणि जिंकलेल्याची आई, दोघींची नावं एकाच डोंगरावर! मला तर वाटतं, आपण बायकांनी एकदा तरी सहल काढून तिथे जावं.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येते. समजा, 1906 मध्ये गावोगाव यंत्रं असती. पंचवीस जण रात्रीतून आले असते आणि मूठमूठ नाणी घेऊन गेले असते. एक नाणं मुंबईत विकलं गेलं असतं, एक आटवून पैंजणाला लागलं असतं. सुट्या नाण्याने आपल्याला काय सांगितलं असतं? एवढंच, की नहपान नावाचा राजा होता. साठा एकत्र राहिला म्हणून कळलं की दर दहांतल्या सात नाण्यांवर नवा शिक्का बसला होता आणि बाकीची जवळजवळ चार हजार तशीच होती. म्हणजे हा साठा गौतमीपुत्राच्या विजयानंतर पुरला गेला आणि तेव्हा दोन्ही प्रकारची नाणी लोकांच्या हातात होती. स्कॉट यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाक-जबडाही वेगळा. हा एकाच राजाचा दीर्घ काळ की आणखी काही, यावर अभ्यासकांनी पुढे वाद घातले. हा प्रश्नसुद्धा हजारो नाणी शेजारी शेजारी मांडल्यावरच पडू शकतो.

नाण्याची चांदी नाण्यात असते, पण त्याची हकिगत शेजारच्या नाण्यांत, मडक्यात आणि भोवतीच्या मातीत असते.

आपल्या ग्रंथांतला नहपान

हा राजा आपल्याला, म्हणजे जैनांना, अगदीच परका नाही. आवश्यक निर्युक्तीवरच्या टीकासाहित्यात भरुकच्छच्या, म्हणजे भडोचच्या, नहवाहन राजाची गोष्ट येते. अभ्यासक या नहवाहनाला नहपान मानतात. नहवाहनाकडे खजिना मोठा, तर पैठणच्या सालवाहनाकडे सैन्य मोठं. सालवाहन वारंवार वेढा घालतो. पण नहवाहन शत्रूचे सैनिक मारून आणणाऱ्यांना भरघोस बक्षिसं देतो आणि वेढा दर वेळी फसतो.

मग सालवाहनाचा मंत्री युक्ती करतो. राजाने आपल्याला हाकलून दिलं, असं सोंग घेऊन तो भडोचला जातो, नहवाहनाचा विश्वास मिळवतो आणि त्याला दानधर्माला लावतो. मंदिरं बांधा, तळी खोदा, पुण्य जोडा. राजा खर्च करत जातो, खजिना रिकामा होतो. बक्षिसं द्यायला काही उरत नाही आणि नगर पडतं.

गोष्टीतला तपशील जसाच्या तसा इतिहास नाही, हे उघड आहे. पण तिच्यातल्या दोन गोष्टी दगडात आणि चांदीत सापडतात. नहपानाचा जावई उषवदात याचे दानाचे लेख नाशिकला आहेत. एका लेखात 70,000 कार्षापणांच्या दानाचा उल्लेख आहे आणि त्यात 35 कार्षापणांचा एक सुवर्ण हा भावही कोरला आहे. शिवाय 3,000 कार्षापणांची कायम ठेव आहे: 2,000 विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. आपल्या संघाची कायम तिथीची योजना आठवली ना? तर दान करणारं, पैसेवालं घराणं ही पहिली गोष्ट. आणि पैठणच्या राजाने त्याला हरवलं, ही दुसरी. ती जोगलटेंभीच्या हंड्यात.

ग्रंथ, शिलालेख आणि नाणी अशा तीन साक्षी जुळल्या की शतकांपूर्वीची गोष्ट उभी राहते. ग्रंथ आपल्या भांडारांनी जपले, कारण कोणीतरी पानं सुटी होऊ दिली नाहीत. पोथीतलं एक पान फाडून नेणाऱ्याला आपण काय म्हणू? पांढरीतून एकटं नाणं उपसून नेणारा त्याहून वेगळं काय करतो?

जे वाजत नाही ते

आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला आणि माणूस हाकत असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. वजन सगळं मिळून 60 किलोहून जास्त. इतकं देखणं काम की पाहत राहावं. दायमाबादला तेव्हा 1958 पासून अभ्यास चालू होता. या शोधानंतर एस. आर. राव आणि मग एस. ए. साळी यांनी तिथे मोठं उत्खनन केलं.

पण या चार वस्तू उत्खननात थरावर थर मोजत निघाल्या नव्हत्या. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळच्या, यावर एकमत नाही. देशपांडे, राव, साळी यांच्यासारख्यांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी करून त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक असल्याचं दाखवलं आणि त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असं म्हटलं. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही, तो धन शोधायला निघालाच नव्हता. पण विचार करा, आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात प्रसिद्ध प्राचीन वस्तू, आणि तिच्या वयाबद्दल हजार-दोन हजार वर्षांचा वाद! मातीचा कोणता थर होता, शेजारी कोणतं खापर होतं, एवढं कळलं असतं तर हा वाद उरला नसता.

आता नेवाशाला चला. हसमुख सांकलिया यांनी 1950 च्या दशकात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी तर होतेच, पण खरा शोध मण्यांच्या आतला दोरा. तांब्याला धरून तो टिकून राहिला होता आणि तपासणीत त्यात रेशीम आणि कापसाचे तंतू ओळखता आले. यंत्र तिथे नक्की वाजलं असतं. तांबं म्हणून कोणी पटकन उपसलं असतं, घरी आणून चिंचेने घासलं असतं आणि तीन हजार वर्षांचा दोरा मोरीतून वाहून गेला असता. कोणा आईने लेकराच्या गळ्यात बांधलेला दोरा.

आणि राळेगणहून जवळच, घोड नदीकाठी शिरूर तालुक्यात इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून पुढे दीड दशक उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली, तिच्यात कच्च्या मातीची बिनडोक्याची छोटी स्त्रीमूर्ती आणि बैल. धातू कुठेच नाही. यंत्र गप्प राहिलं असतं आणि शेजारच्या एखाद्या खिळ्यासाठी मारलेल्या कुदळीने त्या घरातल्या बाईची देवी चिरडली असती. कोणाला कळलंही नसतं.

परदेशात तर चालतं ना?

हा पुतण्याचा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबर आहे. इंग्लंडमध्ये हा छंद राजरोस चालतो. तिथे जमीनमालकाची परवानगी घेतात. 1996 च्या कायद्यानुसार ठरावीक प्रकारचा ठेवा सापडला तर सरकारला कळवावंच लागतं. इतर वस्तूंच्या नोंदीसाठी 1997 पासून योजना आहे, तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तूंची जागेसकट नोंद झाली आहे.

तिथलीच एक घटना त्याला सांगितली. 2015 मध्ये हेरफर्डशायर परगण्यात दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा मिळाला. अंदाजे 300 नाणी, शिवाय दागिने. त्यांनी कळवलं नाही, परस्पर विकायला काढला. 2019 मध्ये दोघांना लांबलचक तुरुंगवास झाला. खटला चालला तेव्हा त्यातली फक्त 31 नाणी हाती आलेली होती. त्यांतल्या काहींवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत: वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ. आल्फ्रेडच्या बाजूच्या लेखकांनी ज्याला व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं म्हणून हिणवलं, तो केओलवुल्फ खरं तर आल्फ्रेडचा बरोबरीचा साथीदार होता, असं ती नाणी सांगतात. बाकीच्या नाण्यांनी आणखी काय सांगितलं असतं? ते चोरबाजारात विखुरलं.

तर मग कोणाचं?

आपल्या प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताच्या पाठात मोठ्या चोरीचे प्रकार मोजले जातात. खणून नेणं, गाठ सोडून घेणं, कुलपाला दुसरी किल्ली लावणं, वाटेत लुटणं आणि धनी असलेली पडलेली वस्तू जाणूनबुजून उचलणं. पुतण्याचं बोट ‘धनी असलेली’ या शब्दावर. धनीच नाही तर दोष नाही!

दिगंबर परंपरेतला समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार इथे जास्त कडक आहे. कोणी ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली परक्याची वस्तू, जी आपल्याला दिली गेली नाही, ती स्वतः घ्यायची नाही आणि उचलून दुसऱ्यालाही द्यायची नाही. त्यात ‘ठेवलेली’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हंडाच येतो. बँका नव्हत्या तेव्हा आपल्याच आडनावाच्या माणसांनी दरोडेखोरांच्या भीतीने चुलीमागे, गोठ्यात हंडे पुरले. पुरणारा परत येण्यासाठीच पुरतो. तो हंडा आज जमिनीत आहे याचा अर्थ एकच, तो माणूस परत येऊ शकला नाही. रोग, दुष्काळ, लढाई, काहीतरी झालं. प्रत्येक गुप्तधनामागे कोणाची तरी अशी अपुरी राहिलेली वाट आहे. ते आपलं नशीब उघडलं म्हणून नाचत घेण्यासारखं मला कधीच वाटलं नाही.

शिवाय याच व्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याच्या नियमाबाहेर जाऊन व्यवहार करणं. तेव्हा कायदा काय म्हणतो, हेही आम्ही वाचलं. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ते जाहीर नोटीस काढतात, कोणाचा हक्क आहे का ते बघतात. धनी निघाला नाही तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर मात्र हिस्सा गेला आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवास. त्यावर 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे आणि संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणं हा तर गुन्हाच.

म्हणजे बघा, धनी आहे की नाही हे खणणाऱ्याने स्वतःच ठरवायचं नाही. आधी विचारायचं, मग घ्यायचं. हेच तर ‘दत्त’ आणि ‘अदत्त’ यातलं अंतर आहे! कायद्याने दिलं ते दत्त, लपवून ठेवलं ते अदत्त. पण माझं म्हणणं याच्याही पुढे जातं. समजा चांदीला धनी उरला नाही. त्या चांदीच्या हकिगतीला मात्र धनी आहेत: तुम्ही, मी, त्या गावातली पोरं, पुढे जन्माला येणारे. थर मोडला की ती हकिगत कायमची जाते. चोरलेली वस्तू परत करता येते, मोडलेला थर परत करता येत नाही.

आणि पृथ्वीकाय जीवांचं काय? शेतीसाठी, विहिरीसाठी, पाझर तलावासाठी माती उकरावी लागते, गृहस्थाला ते सुटत नाही. पण निव्वळ हौसेखातर जागोजागी खड्डे पाडणं हा अनर्थदंडच. आठव्या व्रताची आठवण आपण पाणी सांडताना ठेवतो, मग मातीलाच का विसरावं?

मग आम्ही काय केलं

पांढरीचा बेत रद्द झाला. तो मी रद्द केला नाही, त्यानेच केला, नेवाशाच्या दोऱ्याची गोष्ट ऐकल्यावर. शिवराईचं काय, यावर घरात तीन मतं होती. जाऊबाई म्हणाल्या, लक्ष्मीपूजनाला तिजोरीत ठेवू. धाकटे दीर म्हणाले, एका पैशासाठी सरकारदरबारी कोण जातं? मी म्हटलं, मुलाने प्रश्न व्रताचा विचारलाय, तर उत्तरही व्रताचंच द्यायला हवं. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. गट नंबर, बांधापासूनचं अंतर, खोली, तारीख, नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो. तहसील कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला, पोच घेतली. नाणं न घासता, कागदात गुंडाळून, त्यावर सगळी माहिती लिहून वेगळं ठेवलं आहे. सरकार मागेल तेव्हा द्यायचं. यंत्राचा उपयोग सध्या पाइपलाइनचे गाडलेले लोखंडी कॉक शोधायला होतो आणि मोठे दीर त्यावर खूश आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींची माहेरं-सासरं खेड्यात आहेत. पाया खणताना, शेततळं काढताना, जुना वाडा पाडताना काही निघालं तर एवढं लक्षात ठेवा. काम तिथेच थांबवा. वस्तू असेल तशी राहू द्या, आधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून. बाहेर काढावीच लागली तर पितांबरी, चिंच, राख काही लावू नका, त्या मळातच माहिती असते. मडकं फुटलेलं असलं तरी त्याचे तुकडे टाकू नका, ते नाण्यांइतकेच मोलाचे. सोनाराकडे जाऊ नका. लगेच तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. जैन मूर्ती निघाली तरी हेच. पूजेला बसवायची घाई करू नका, आधी नोंद होऊ द्या. संकटाच्या काळात कोणा श्रावकांनीच ती जमिनीच्या हवाली केली असेल. त्यांनी ती जपून ठेवली, आपणही जपूनच बाहेर काढू.

तुमच्या घरी, गावात असं काही कधी निघालं असेल तर जरूर लिहा. काय निघालं यापेक्षा, ते कोणत्या मातीत आणि कशाशेजारी निघालं, ते आधी लिहा.